परक्या घरची बरणी

देवळासमोरचा तो काळा धोंडा पाहिलात ना? त्याच्या माथ्यावर गोल खळगा आहे, बरणीचं बूड नेमकं बसेल एवढा. पोरं त्यात पाय घालतात आणि माझ्या शिव्या खातात. तुम्ही पाहुणे आहात, तुम्ही घालणार नाही. बसा इथे ओट्यावर. मी या ओढजाई देवीच्या गुरवाघरची सून. लग्न होऊन आले तेव्हापासून हा धोंडा मीच धुते, तेव्हा त्याची गोष्ट सांगायचा मान माझा. मध्ये बोलायचं नाही, एवढं मात्र सांभाळा.

आमच्या पानेरीत वैशाखात घरोघरी गुळांबा होतो. पावसाळ्यात घाट बंद पडायचा, भाजीपाल्याचं नाव नाही, मग भाकरीला हाच आधार. कैरीच्या फोडी, गदरलेली करवंदं, गूळ आणि वासाला लवंग. पाक दाट झाला की रोजच्या खाण्याचं गाडगं घरात ठेवायचं. दुसरी बरणी देवीच्या नावाची. तिच्या तोंडाला फडक्याचा दादरा बांधायचा आणि ती घटस्थापनेपर्यंत दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. तीही कुणाकडे? ज्याच्याशी आपलं बोलणं बंद आहे त्याच्याकडे! हसा, हसा. माझी बरणी यंदा समोरच्या शालनकडे होती. नळावरून आमचं वाजलं होतं. आणि ज्याचं सगळ्यांशीच गोड आहे त्यानं काय करायचं? त्यानं कुणाशी तरी भांडायचं. वैशाखात आमच्याकडे भांडणं जरा जास्तच होतात.

हे सुरू झालं ठकूबाईपासून, असं सांगतात. फार जुनी गोष्ट. तेव्हा चिनी मातीच्या बरण्या कुठल्या? लाख लावलेलं मडकं असायचं, पण आम्ही बरणीच म्हणतो. ठकूबाई ओढ्याच्या वरच्या आळीची. तिचा नवरा मानाजी. माणूस लाखात एक, कामाला वाघ, पण गोड दिसलं की त्याचा जीव थाऱ्यावर राहत नसे. गूळ कणगीत लपवा, राखेत पुरा, आढ्याला टांगा, मानाजीचं बोट तिथे पोचलंच म्हणून समजा.

खालच्या आळीत सुभानजी राहायचा. दोघे एके काळी जिवाभावाचे मित्र. पण एका लग्नाच्या पंगतीत मानाजी लाडू खात बसला असताना या सुभानजीला काय दुर्बुद्धी सुचली देव जाणे. तो समोरून मोठ्यांदा मोजायला लागला. "नववा! दहावा! अकरावा!" सगळी पंगत खो खो हसली. मानाजी ताटावरून उठला आणि म्हणाला, "आजपासून तुझ्या उंबऱ्याला माझा पाय लागला तर मी बापाचं नाव सांगणार नाही." झालं, दोन आळ्यांचं बोलणं तुटलं. बायकांची कसली भांडणं होती? पण त्याही बिचाऱ्या पाणवठ्यावर तोंडं फिरवून उभ्या राहायच्या.

ठकूबाईची लेक भागू. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी तिची कूस उजवली नव्हती. शेवटी ठकूबाईनं ओढजाईला नवस बोलला, "माझ्या लेकीची ओटी भर. येत्या वैशाखातल्या गुळांब्याची भरलेली बरणी घटस्थापनेला तुझ्यापुढे ठेवीन. कुणाचं बोट लागलेलं नसेल. ती ठेवल्याशिवाय बाळाचं नाव ठेवणार नाही." आणि म्हणे संक्रांतीला भागू माहेरी आली ती दिवस गेल्याची बातमी घेऊनच.

वैशाखात ठकूबाईनं दोन बरण्या भरल्या, एक देवीची, एक घरची. मृगाच्या तोंडाला देवीची बरणी सहज उचलून पाहते तर हलकी! दादरा जसाच्या तसा बांधलेला आणि आत करवंदाची बीसुद्धा नाही. रानातली करवंदं संपलेली, कैऱ्या पिकून गेलेल्या, नवीन करायचं तर कशाचं? "अहो, लेकीचा नवस खाल्लात तुम्ही!" ठकूबाई म्हणाली आणि रडायलाच लागली. मानाजी खाली मान घालून उभा. म्हणाला, "पुन्हा नाही गं." आता हे तो दर वर्षी म्हणायचा.

घरची बरणी अजून उघडलेली नव्हती, तेवढी शिल्लक होती. आता तीच देवीची. पण ठेवायची कुठे? घरातली एकही जागा मानाजीला नवी नव्हती. शेजारी ठेवली तर हा गप्पा मारायला जाऊन चाटूनपुसून येणार. मग ठकूबाईनं डोळे पुसले, बरणी पदराखाली घेतली आणि ओढा ओलांडून थेट सुभानजीच्या दारात गेली. या एकाच उंबऱ्याला नवऱ्याचा पाय लागणार नव्हता.

सुभानजीची बायको चिमाबाई दारात आली. म्हणाली, "अगं, आपलं बोलणं बंद आहे ना?"

"म्हणून तर आणली," ठकूबाई म्हणाली आणि बरणी तिच्या हातात दिली.

आता गंमत पाहा. सुभानजीलाही गोड काही कमी आवडत नव्हतं. पण त्यानं विचार केला, मी याला बोट लावलं आणि मानाजीला कळलं, तर भर पंगतीत तो माझी बोटं मोजेल. म्हणून तो स्वतः डोळ्यांत तेल घालून बरणी राखू लागला. आणि तिकडे मानाजी? त्यानं विचारलं, "बरणी कुठाय?" बायको म्हणाली, "सुभानजींच्या घरी. जा, घेऊन या." मानाजी रागानं लाल झाला, पण तोंडातून शब्द गेला होता. सगळा श्रावण तो ओढ्याच्या काठावर बसून पलीकडच्या घराकडे बघायचा, म्हणे.

भादव्यात भागूला मुलगी झाली. मानाजीनं तिला मांडीवर घेतलं आणि या माणसाच्या आत काहीतरी हललं. बाया विचारायच्या, नाव काय ठेवणार? ठकूबाई सांगायची, "बरणी देवीला पोचू दे, मग." मानाजी नातीकडे बघत राहायचा. आपण तेव्हा काय खाल्लं होतं, ते त्याला आता कळत होतं.

गौरी गेल्या आणि परतीचा पाऊस असा लागला की ओढा दोन्ही काठ धरून धावायला लागला. एका दुपारी मोठा आवाज झाला. सुभानजीच्या घराची मागची भिंत बसली! मानाजी डोक्यावर पानांचं इरलं घेऊन धावला. पाणी छातीला लागलं तरी तो ओढ्यातून पार झाला आणि त्या उंबऱ्यावर धाडकन पाय ठेवून आत शिरला. चिमाबाई अंगणात सुखरूप उभी होती. आत सुभानजी मांड्यांपर्यंत चिखलात रुतलेला, वरून पाणी गळतंय, आणि डोक्यावर दोन्ही हातांनी धरलेली बरणी.

"आधी बरणी दे!" मानाजी ओरडला.

"आधी मला काढ, मेल्या!"

"दोन्ही हात वर असताना तुला काढू कसा? दे इकडे!"

सुभानजीनं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. तोंडावर आलेलं काहीतरी गिळलं आणि बरणी दिली. मानाजीनं इरलं स्वतःच्या डोक्यावरून काढून बरणीवर घातलं. एक थेंब आत गेला तरी गुळांब्याला बुरी येते, हे चोरून खाणाऱ्याइतकं कुणाला ठाऊक? जवळ कोरडी जागा नव्हती. मग तो धावत या देवळापाशी आला, चिखलाच्या पायांनी आत कसा जाणार, म्हणून या धोंड्यावर बरणी टेकवली, वर इरलं नीट झाकलं आणि तसाच माघारी जाऊन मित्राला काखेत हात घालून चिखलातून उपसलं. दोघे रडले म्हणे. सुभानजी म्हणायचा मी रडलो नाही, पाऊस होता. असं आपलं सांगतात.

दोघे परत आले तर धोंडा बरणीखाली मेणासारखा मऊ होऊन खोल गेलेला. ओढजाईनं बरणी सांभाळली, असं जुनी माणसं सांगतात. मला विचाराल तर खरा चमत्कार वेगळाच. भरलेली बरणी मानाजीच्या हातात होती, बघायला कुणी नव्हतं आणि दादऱ्याची गाठ जशीच्या तशी होती.

घटस्थापनेला बरणी देवीपुढे ठेवली. मुलीचं नाव ठेवलं साखराबाई. सगळ्या गावाची पंगत बसली, त्यात दोन्ही आळ्या शेजारी शेजारी. ठकूबाईनं डाव सुभानजीच्या हातात दिला. तो वाढत वाढत मानाजीच्या पानापाशी आला आणि थबकला. सगळी पंगत बघत होती. सुभानजीनं तोंड फिरवलं, डोंगराकडे बघत राहिला आणि बघत बघत वाढतच गेला. मानाजी "पुरे" म्हणाला तेव्हाच हात थांबला. त्याच्या तोंडून "पुरे" हा शब्द गावानं पहिल्यांदा ऐकला.

आजही पानेरीत देवीची बरणी परक्या घरी पावसाळा काढते. आजही घटस्थापनेला आपली बरणी आणायला ज्याच्या दारात जायचं, त्याच्याशी बोलावंच लागतं. आज घटस्थापना, सकाळी मी शालनकडे बरणी आणायला गेले होते. चहा घेऊन आले, नळाचं काही निघालं नाही. आणि आजही इथे प्रसाद वाढणारा पानाकडे बघत नाही. अहो, लाजताय काय? करा वाटी पुढे. मी तिकडे डोंगराकडे बघते.