पाहुण्यांवाचून अडलं नाही

आम्ही विद्यापीठात व्यवस्थापनाच्या पहिल्या वर्षाला होतो. विभागाच्या समारंभाला कारखानदार आप्पासाहेब खराडे प्रमुख पाहुणे होते. ते दोन तास उशिरा आले आणि माइक हातात घेताच गरजले, "माझ्या सहीशिवाय कारखान्याच्या गेटातून ट्रक हलत नाही, म्हणून उशीर झाला. याला म्हणतात व्यवस्थापन! तुम्ही वर्गात बसून काय शिकलात? सांगा एक तरी गोष्ट!"

सूत्रसंचालन करणारी आमची शर्वाणी भोईटे शांतपणे पुढे आली.

"सर, पहिल्याच धड्यात शिकलो, की एका माणसावाचून काम अडता कामा नये. तुम्ही नव्हतात, तरी आम्ही समई लावली, बक्षिसं वाटली, पोहेही खाल्ले. तुम्ही इथे आलात, तर तिकडे तुमचा कारखाना थांबलाय."

पहिली टाळी आमच्या विभागप्रमुख सरवदे मॅडमनी वाजवली. तेवढ्यात आप्पासाहेबांचा फोन वाजला. गेटवर दुसरा ट्रक अडला होता.

आप्पासाहेबांनी शर्वाणीकडे पाहिलं आणि फोनवर म्हणाले, "मॅनेजर आहेस ना? मग तूच सही कर!"

पहिल्या धड्याची फी आम्ही त्यांच्याकडे मागितली नाही.