लिंबाएवढं टोपडं

टिक-टिक. टिक-टिक. मग थोडा वेळ काहीच नाही. मग पुन्हा टिक-टिक.

फार वर्षांमागे एका डोंगराच्या कुशीत, उन्हाळ्याच्या दुपारी हा आवाज यायचा. पाल चुकचुकत नसायची की पाखरू चोच घासत नसायचं. बांबूच्या दोन सुया एकमेकींना लागायच्या. त्या धरून बसलेली असायची बनू, धनगराची नऊ वर्षांची लेक. आवाज मधेच थांबला की समजावं, बनूला डुलकी लागली.

डुलकी लागणारच. बाप मेंढरं घेऊन लांबच्या रानात गेलेला. आईला आठवा महिना, आणि तिचे पाय सुजलेले, म्हणून तिने खाटेवरून उठायचं नाही. पहाटे बनूनेच झऱ्यावरून दोन घागरी पाणी आणायचं, चूल पेटवायची, भाकऱ्या थापायच्या. मग परसातली बाग. चिमुकली वांगी, लालचुटुक मिरच्या, पांढराशुभ्र मोगरा, आणि मांडवावर चढलेला दोडक्याचा वेल. सगळी झाडं तहानलेली, सगळी बनूकडे बघणारी. त्यांना लोटा लोटा पाणी घालून झालं, की वेलाच्या सावलीत बसून विणायचं.

विणायचा होता बाळंतविडा. मोजे, दुपटं आणि टोपडं. कोकराची पहिली लोकर, सावरीच्या कापसासारखी मऊ, आईनेच कातून ठेवली होती. मागच्या खेपेचं बाळ गारठ्यात आठ दिवसही राहिलं नव्हतं. त्याच्यापाशी पुरेशी ऊब नव्हती, असं आई एकदाच बोलली होती. बनूने ते एकदाच ऐकलं, पण ते तिच्या मनातून गेलं नाही.

शेजारच्या ठकूआजी काठी टेकत यायच्या आणि विणकाम डोळ्यांजवळ नेऊन बघायच्या. साऱ्या वाडीची बाळं त्यांच्याच हातांवर जन्मलेली. आता ते हात पिंपळाच्या पानासारखे थरथरायचे, म्हणून त्यांनी सुईणपण सोडलं होतं. जीभ मात्र थरथरत नव्हती.

"हे टोपडं बाळाचं गं, की लिंबाचं?" त्या म्हणायच्या. "दमलेल्या हाताचा टाका असा घट्ट पडतो. उसव आणि उद्या ताजी होऊन वीण."

बनू हसायची. ताजी होण्याचा दिवस काही उजाडायचा नाही.

एका संध्याकाळी घागरीच्या तळाशी एकच लोटा पाणी उरलं. ते बनूच्या पायांसाठी होतं. दिवसभर तापल्या मातीत चालून तळवे भाजले होते. पण दोडक्याची एक कळी मान टाकून लोंबत होती. बनूने तिच्याकडे पाहिलं, आपल्या तळव्यांकडे पाहिलं, आणि लोटा वेलाच्या मुळाशी ओतला.

दोडक्याची फुलं दिवस कलता उमलतात. ती कळी हळूहळू उलगडली, हळदीसारखी पिवळी, आणि तिच्यातून एक वीतभर उंचीची परी बाहेर आली. घागरा फुलाच्या पाकळ्यांचा, पंख चतुराचे, त्यांवर सोनेरी, निळी, हिरवी झिलई. कपाळावर मात्र घामाचे इवले इवले थेंब. ती पानावर बसली आणि तिने पाय चोळले.

"उन्हाळ्यात फार धावपळ होते," ती हलकेच म्हणाली. "एकेका फुलाला हाक मारून उठवावं लागतं. तू पाणी दिलंस. तुझ्या तीन इच्छा मी पुऱ्या करीन."

बनूने लगेच बाळंतविडा मागितला. परीने मान हलवली. आपल्या हातांनी होण्यासारखं काम इच्छेत मागता येत नाही, हा पहिला नियम तिने सांगितला. दुसरा नियम सांगताना तिचा आवाज आणखी मऊ झाला.

"इच्छेला धागा लागतो, बाळ, आणि परीपाशी धागा नसतो. दर इच्छेला तुझी विणलेली एक वस्तू उसवेल. दोडका फुलला की मी येते. नीट विचार करून माग."

मग विणलेलं जपायचं आणि काही मागायचं नाही, असं बनूने ठरवलं. तेव्हा मोजे झाले होते, टोपडं झालं होतं, दुपटं अर्ध्यावर होतं.

पण चारच दिवसांत झरा आटला. बायका रिकाम्या घागरी घेऊन परतल्या, गुरं ओल्या दगडाला जीभ लावू लागली. बनूने मोजे उराशी धरले आणि दोडका फुलायची वाट पाहिली. तिने झऱ्याला पाणी मागितलं. मोजे टाका टाका उसवत गेले, परीने धाग्याचा गुंडा करून कमरेला बांधला, आणि खाली झरा खळखळला. त्या रात्री वाडी पोटभर पाणी प्याली. मोज्यांचं कुणालाच ठाऊक नव्हतं.

पुढे दुपटं पुरं झालं. त्या दिवशी बनूने ठकूआजींना त्यांच्या ओसरीत पाहिलं. त्या तांब्या तोंडाला लावत होत्या, आणि सगळं पाणी पदरावर सांडत होतं. कुणी पाहिलं नाही ना, म्हणून त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि मुकाट्याने पदर पिळला. थट्टेखोर आजींचं ते गप्प बसणं बनूला बघवेना. संध्याकाळी तिने आजींच्या हातांची थरथर जावी, असं मागितलं. महिनाभराचं दुपटं उसवायला क्षणही लागला नाही. सकाळी आजी न सांडता पाणी प्याल्या आणि आपले हात उलटेसुलटे करून पाहत बसल्या.

आता उरलं होतं टोपडं, तेच लिंबाएवढं.

तीनच दिवस गेले. दुपारी आभाळ काळंनिळं झालं, वळवाच्या गारा ताडताड कोसळल्या, आणि आईने बनूला हाक मारली. बाळाला अजून महिना अवकाश होता, पण ते आजच यायला निघालं होतं. बनू गारांतून धावत ठकूआजींकडे गेली. आजींनी काठी तिथेच टाकली.

दिवस कलायच्या आत बाळ झालं. मुलगी, आंब्याच्या कोयीएवढ्या तोंडाची, गारठ्याने निळसर पडलेली. आजींच्या आता न थरथरणाऱ्या हातांत तिची मान जराही हलली नाही. त्यांनी तिला पुसून आईच्या छातीशी धरलं. शेजारणींनी टोपडी आणली होती, पण एक डोळ्यांवर आलं, दुसरं गळ्यात उतरलं.

"बने, तुझं लिंबाचं टोपडं आण," आजी म्हणाल्या.

ते नेमकं बसलं. कानांवरून, कपाळावरून, जिथल्या तिथे. त्या घट्ट टाक्यांतून वारा शिरायला जागाच नव्हती. हळूहळू बाळाचे ओठ गुलाबी झाले, आणि ते कोकरासारखं रडलं. आजी म्हणाल्या, "दमूनच वीण हो तू, बाई," आणि पदराने डोळे पुसले.

बनू परसात आली. दोडका फुलला होता. परी पानावर बसली होती, पंख मलूल, घागरा गारांनी फाटलेला.

"एक इच्छा उरली आहे," ती म्हणाली.

बनूला केवढं तरी मागायचं होतं. बापाने आजच यावं. आईचे पाय बरे व्हावेत. एक दिवस नुसतं झोपून राहावं. पण धागा उरला होता एकच, आणि तो बाळाच्या डोक्यावर होता.

"नको मला," ती म्हणाली. "टोपडं राहू दे. तूही दमलीस की. बस जरा इथे. ही काही इच्छा नव्हे, मी आपलं म्हणते."

तिने आपल्या ओढणीची घडी करून परीला बसायला दिली, आणि स्वतः वेलाच्या बुंध्याशी टेकली. आजी आईपाशी होत्या, चूल त्यांनीच पेटवली होती. कितीतरी दिवसांनी बनूला हाक मारणारं कुणी नव्हतं. तिचे डोळे मिटले.

टिक-टिक. टिक-टिक.

तिला जाग आली ती पहाटे. तिच्या मांडीवर मऊमऊ दुपटं होतं आणि त्यावर दोन इवले मोजे. तीच कोकराची लोकर, आणि काठाला दोडक्याच्या फुलाची पिवळी रेघ. शेजारी तिच्या सुया पडल्या होत्या, परीहून दुप्पट उंच. इच्छेतून हे येत नाही, हे बनूला ठाऊक होतं. हे हातांनी केलेलं होतं. तिने टाक्यांवरून बोट फिरवलं. टाके घट्ट होते, आणि एका कोपऱ्यात एक टाका सुटला होता.

बनूने मान वर केली. वांग्यांच्या वाफ्यातून परी चालत निघाली होती. कमरेला आता एकही गुंडा नव्हता. पंख न उघडता, पाय ओढत, सावकाश. ज्या रोपाजवळून ती जाई, त्याच्या पानापानावर सोनेरी ठिपके उजळत. डोंगराआडून सूर्याचा पहिला किरण मांडवावर आला. त्या पिवळ्या उजेडात परी एकदा वळली, तिने बनूकडे पाहिलं, आणि ती उजेडात चालत गेली.