पानावरचा हात

"मग खाणारी तोंडं कमी करायची कशी, महाराज?"

केवळबुवा मठाच्या ओसरीवर बसून पत्रावळी लावत होते. पळसाचं एक पान दुसऱ्यावर ठेवायचं, काडीने टोचायचं, जरा फिरवायचं, पुढचं पान घ्यायचं.

सुनीतीला वाटलं, आपण फार मोठ्याने बोललो. तिने दचकून मागे पाहिलं. पायऱ्यांखाली चिंचेच्या सावलीत बनूमावशी मांडीवर बोचकं घेऊन बसल्या होत्या. त्यांना ऐकू गेलं नसावं...

बनूमावशी म्हणजे तिच्या सासूची धाकटी बहीण. मागे मूलबाळ कुणी नाही. सासू गेल्या तेव्हा मावशी दिवसांना म्हणून आल्या आणि राहिल्या. त्या वेळी सुनीतीला बरंच वाटलं होतं, घरात कुणीतरी मोठं बाईमाणूस आहे म्हणून. पण पुढे नवऱ्याची सूतगिरणी अर्ध्या पाळीवर आली आणि सगळंच आखडत गेलं. आधी तूप गेलं, मग दूध नुसत्या चहापुरतं उरलं, मग भाजीवाल्याकडून मुळ्याचा पाला मागून आणायची वेळ आली. सासरे, नवरा, लहानगी, मावशी आणि ती स्वतः. चूल एक आणि तोंडं इतकी. रोज सकाळी पिठाचा डबा उघडला की ती आधी तळ किती दिसतो ते बघायची.

हे सगळं तिने बुवांना सांगितलं, अडखळत, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. आणि मग ज्यासाठी आली होती ते बोलली. मठात दोन वेळचं अन्न शिजतं. मावशींना इथे ठेवून घ्यावं.

"मावशींना विचारलंस?"

"दर्शनाला जाऊ म्हणून आणलंय त्यांना. तुम्ही हो म्हणालात की मग सांगेन."

काडी पानात शिरली.

"त्या मठाला अजिबात जड होणार नाहीत, महाराज," सुनीती घाईने म्हणाली. "फार कमी खातात. अर्धी भाकरी झाली की हात आडवा धरतात पानावर. आग्रह केला तरी नाही घेत."

"तू करतेस आग्रह?"

ती जरा ताठ बसली. इतका वेळ ती याचकासारखी बोलत होती. आता तिच्यातली कॉलेजात शिकलेली मुलगी जागी झाली.

ती म्हणाली, आमच्या घरात आग्रहाची पद्धत मी बंद केली आहे. आग्रहाने अन्न वाया जातं. मी वाटीने मापून करते, मापून वाढते. भाजीचा दांडासुद्धा टाकत नाही, पिठात घालते. शेजारणी महिनाअखेरीला उसनं मागत फिरतात, मी अजून कुणाच्या दारात गेलेली नाही. आणि इतक्या तंगीतही माझ्या घरातून कुणी अर्धपोटी उठत नाही. सगळे आपणहून पुरे म्हणतात.

"सगळे?"

"सगळेच. मामंजीसुद्धा. हल्ली भूकच कमी झाली म्हणतात."

"आणि तू?"

"मी मागून बसते. वाढणाऱ्या बाईने शेवटीच बसायचं."

"तुझ्यापुरतं राहतं?"

"रोज राहतं," सुनीती म्हणाली, आणि तिच्या आवाजात अभिमान लपला नाही. "बेताने करते ना मी."

बुवांचा हात थांबला. हातातली काडी त्यांनी खाली ठेवली. मग वर तिच्याकडे पाहिलं. तिला वाटलं, आता हो म्हणतील.

"आज पंगतीला तू वाढ," बुवा म्हणाले.

दुपारी पंगत बसली. रोजची पाचदहा माणसं असतील असं सुनीतीने धरलं होतं. पण टेकडीवरून मेंढरं उतरताना दिसली आणि त्यांच्यामागून धनगरांची दोन बिऱ्हाडं पाणी प्यायला म्हणून मठात शिरली. बुवांनी त्यांना हाताने बसायची खूण केली. पत्रावळींची रांग ओसरीच्या कडेपर्यंत गेली. अगदी शेवटी मावशी बसल्या आणि त्यांच्यापलीकडे स्वतः बुवा.

इतकी तोंडं पाहून सुनीती मनातल्या मनात पानं मोजायला लागली. जणू तिच्याच डब्यातलं पीठ जाणार होतं.

श्लोक झाला. ती भाताचं पातेलं कमरेवर घेऊन निघाली. सवयीचा हात, एकेका पानावर लिंबाएवढी मूद पडत गेली. तिच्यामागून मठातली ठमाबाई वरण वाढत येत होती, ती तेवढ्यासाठी ओगराळं नुसतं तिरकं करत होती.

सुरुवातीच्याच काही पानांतल्या एका म्हाताऱ्या धनगराने मुदीकडे पाहिलं, मग सुनीतीकडे.

"ताई, हा देवाचा निवद हाय का माझा?"

रांग हसली. बुवाही हसले असावेत. सुनीतीचे कान तापले. ती पातेलं तिथेच ठेवून स्वयंपाकघरात गेली. वरणाचं भांडं भरून घ्यायला ठमाबाई तिच्यापुढेच आत आली होती आणि आता चुलीशी वाकून निखारे ओढत होती.

"भात?" सुनीतीने विचारलं.

"भात वाढला, बाई," ठमाबाई मागे न पाहता म्हणाली.

हुश्श. सुनीतीच्या जिवात जीव आला. म्हणजे आहे की अजून. मापात टाकलेला तांदूळ फुगून बक्कळ झाला असेल, जुना असला की होतोच. ती बाहेर आली ती निराळीच होऊन. आपल्या घरात जे वाक्य तिने कधी उच्चारलं नव्हतं, ते तिने भर पंगतीत म्हटलं.

"सावकाश जेवा सगळ्यांनी. भात भरपूर आहे."

म्हाताऱ्याच्या पानावर तिने भातवाढी भरून भात घातला. पुढच्याला तसाच. त्याच्या पुढच्याला त्याहून जास्त. हात असा सैल सुटला की तिलाच नवल वाटलं. किती दिवसांनी... माप न धरता वाढताना मनगट हलकं होतं, हे ती विसरूनच गेली होती.

रांग अर्धी झाली आणि भातवाढी तळाला खरडली. ती हसतच पातेलं घेऊन आत गेली.

ठमाबाई चुलीवरचं मोठं पातेलं घासून पालथं घालत होती.

"अहो, भात..."

"म्हटलं ना, वाढला."

"म्हणजे? संपला?"

ठमाबाईने जीभ चावली. चुलीकडे बघत हात जोडले. "हळू बोला. मठाच्या चुलीपाशी तो शब्द काढत नाहीत. नारळ तुम्ही फोडता का? वाढवता. बांगडी फुटते का? वाढते. तसा भात. तुमच्याकडे काय म्हणतात?"

सुनीतीच्या घरात 'संपलं' म्हणायचे. रोज म्हणायचे.

ती बाहेर आली. रिकामं पातेलं कमरेवर होतं, कारण ते कुठे ठेवावं हे तिला सुचलं नाही. अलीकडच्या पानांवर भाताचे ढीग होते. पलीकडची पानं तशीच रिकामी. भात भरपूर आहे, असं तिनेच सगळ्यांना सांगितलं होतं. तिच्या हातून भातवाढी निसटली आणि फरशीवर अशी खणाणली की मेंढरांमागचं कुत्रं भुंकलं.

सगळे तिच्याकडे पाहू लागले. मग पातेल्याकडे.

पलीकडच्या अर्ध्या रांगेतल्या पहिल्या धनगरणीने तळहात पानावर आडवा धरला.

"माझं झालं, ताई."

तिच्या शेजारचीने धरला. "न्याहारी दांडगी झाल्ती."

तिच्यापुढच्या माणसाने नुसताच धरला. हात, हात, हात... एकेक पान झाकत रांग तिच्यासमोर सरकत गेली. शेवटी मावशींचा हात. काळपट, शिरा वर आलेला, मनगटात एकच पाटली सैल झालेली.

"भरलं माझं पोट," मावशी म्हणाल्या. "तू पुढे जा."

पुढे बुवा होते. त्यांनीही पानावर हात धरला होता.

सुनीती मावशींसमोर खाली बसली.

"हात काढा, मावशी."

"भरलं म्हटलं ना गं."

"काढा ना..."

मावशींनी हात उचलला.

पान कोरडं होतं. शीत नाही, वरणाचा थेंब नाही. पळसाच्या शिरा तेवढ्या दिसत होत्या.

सुनीती त्या हाताकडे पाहत राहिली. हा हात तिने रोज पाहिला होता. सकाळी आणि संध्याकाळी, अर्ध्या भाकरीनंतर, याच ढबीत. मामंजींचा हातही असाच यायचा. नवऱ्याचाही, "गिरणीत चहाबरोबर काहीतरी खाल्लं" असं म्हणत. आणि ती भांडं उचलून पुढे जायची, निश्चिंत.

रोज तिच्यापुरतं राहत होतं.

ती उठली. दाराआड तिची पिशवी होती. पिशवीत फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या आणि लसणाची चटणी. सकाळी वाटेसाठी म्हणून भाजल्या होत्या. पण मठात जेवण मिळणार हे धरून तिने त्या मोडल्याच नव्हत्या. परत नेल्या की रात्रीचं भागलं असतं. मावशींना बसमध्ये भूक लागली होती का, तेही तिने विचारलं नव्हतं.

फडकं सोडून ती रांगेत आली. पहिल्या धनगरणीचा हात तिने मनगटाला धरून हळूच बाजूला केला आणि पानावर चटणीसकट चतकोर ठेवली. "घ्या. घ्यायलाच हवी." पुढच्या पानावर. त्याच्या पुढच्या. आग्रह करताना काय बोलतात ते तिला आठवेना, म्हणून ती आपली 'घ्या ना, घ्या ना' एवढंच म्हणत राहिली. कुणी चतकोरीतला तुकडा मोडून शेजारच्या पानावर सरकवला. अलीकडच्या अर्ध्या रांगेतून तो म्हातारा उठला. मघाशी भात पडल्यापासून त्याने पानाला हात लावलेला नव्हता, तसंच पान उचलून तो पलीकडे आला आणि ज्यांची पानं कोरडी होती त्यांना वाटत सुटला. "एवढा निवद मला पचायचा न्हाई," म्हणाला. पुन्हा सगळे हसले. या वेळी सुनीतीही हसली, नाक ओढत.

मावशींच्या पानावर तिने अख्खी अर्धी ठेवली. मावशींचा हात सवयीने आडवा आला. तिने तो धरला, आणि सोडला नाही.

"अजून घ्या, मावशी."

"तुला?"

सुनीतीने शेवटची चतकोर बुवांच्या पानावर ठेवली आणि रिकामं फडकं झटकलं.

बुवांनी आपल्याजवळची एक पत्रावळ झटकून मावशींशेजारी मांडली. स्वतःच्या पानावर आलेली चतकोर मधोमध मोडली आणि अर्धी त्या पानावर ठेवली.

"बस," ते म्हणाले.

ती मागून बसणारी, मावशींच्या खांद्याला खांदा लावून त्याच पंगतीत बसली. भाकरी गार होती आणि चटणीत मीठ जरा जास्त पडलं होतं. इतकी चव तिला कित्येक महिन्यांत लागली नव्हती. चावता चावता तिने रांगेवरून नजर फिरवली, प्रत्येक हात नीट पाहून घेतला, आणि मनातल्या मनात सगळ्यांना नमस्कार केला. मामंजींना. नवऱ्याला. मग शेजारच्या मावशींच्या सैल पाटलीला.

पानं उचलली. धनगर मेंढरांमागे गेले. मावशी ओसरीच्या कडेशी आल्या, बोचकं घेऊन.

"हे कुठे ठेवू, महाराज?" त्यांनी विचारलं. "फार नाही काही. दुसरं लुगडं आहे, आणि अंथरायला एक पटकूर."

सुनीती चपापली. तिने तर काहीच सांगितलं नव्हतं.

"तुम्हाला कुणी..."

"एवढ्या तंगीत नुसत्या दर्शनाला कुणी बसभाडं घालून पिशवीभर भाकऱ्या भाजत नाही गं," मावशी म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात. "मला राग नाही. इतके दिवस तू मला गरम वाढलंस. माझ्या घरीसुद्धा मला कुणी गरम वाढलं नव्हतं."

बुवा सुनीतीकडे पाहत होते.

तिने मावशींच्या हातातून बोचकं घेतलं आणि आपल्या काखेत मारलं. ते खरंच फार हलकं होतं.

"मावशी घरी येताहेत," ती म्हणाली.

पायरीपर्यंत गेली आणि थबकली. नेहमीची धास्ती परत आली होती. ती काही एका पंगतीत जाणारी नव्हती. ती वळली.

"महाराज, त्या भाकऱ्या रात्रीच्या होत्या. घरी मामंजी आहेत, लेक आहे, हे येतील... विचारतील मला. काय सांगू?"

केवळबुवांनी नवं पान घेतलं. दुसऱ्यावर ठेवलं. काडी टोचली.

"सांग, भाकरी वाढली."