पावावरचा अर्धा ठसा

युरोपच्या दक्षिण टोकाला, समुद्रकाठच्या गावात एकदा एक वृद्ध गुरुजी राहत होते. दर शनिवारी पेटणारी गावाची सामाईक भट्टी त्यांच्याच देखरेखीखाली असे. प्रत्येक घर आपल्या पावावर आपला लाकडी ठसा उमटवी. ठशाविना पाव भट्टीत जात नसे. तशी रीतच होती.

पुढे मंदी आली. गोदी बंद पडली आणि तरुण कामासाठी उत्तरेकडे निघाले. नेमक्या त्याच सुमारास, युद्धात घरदार गमावलेली माणसे समुद्रापलीकडून होड्यांनी येऊ लागली. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं, असे गावाला वाटले तर नवल नाही.

एका शनिवारी मरियम नावाची परकी बाई मळलेल्या पिठाचा गोळा घेऊन भट्टीपाशी आली. मुले भुकेली होती, पण तिच्याजवळ ठसा नव्हता. "रीत म्हणजे रीत," रांगेतले लोक कुरकुरले.

गुरुजींचा शिष्य स्तेफानोही रांगेत होता; तो दुसऱ्याच दिवशी उत्तरेला जाणार होता. आईवडिलांमागे घरात तो एकटाच उरला होता. गुरुजींनी त्याच्या हातातला ठसा घेतला, मरियमच्या गोळ्यावर दाबला आणि पाव भट्टीत सरकवला.

स्तेफानो संतापला. "गुरुजी, हा माझ्या पणजोबांचा ठसा! आता तो पाव तिचा की माझा? ती आमच्या घरची झाली का? मग मी कोण?"

"उद्या जिथे जाशील, तिथे तुझा ठसा कोण ओळखतं?"

स्तेफानोने ठसा परत घेतला आणि त्यावरचे पीठ पुसू लागला.

"अरे, तिला युद्धानं उठवलं, तुला मंदीनं. उद्या तिथलेही तुला म्हणतील, रीत म्हणजे रीत. आपण सगळे एका युरोपचे, असं आपण सभेत म्हणतो. ते खरं की खोटं, हे भट्टीच्या दारात ठरतं. ती आपली झाली का, हे मलाही नीट उमगत नाही. पोरं उपाशी आहेत, एवढं कळतं."

"माझा गोंधळ मिटला नाही, गुरुजी."

"माझाही नाही. पण पाव भाजला गेला."

सकाळी स्तेफानोने घराला कुलूप घातले. ठसा पिशवीत टाकला, पुन्हा बाहेर काढला, आणि मरियमच्या हाती ठेवला. "शनिवारी लागेल," एवढेच तो म्हणाला. तिने कालचा अर्धा पाव फडक्यात बांधून दिला.

गाडीत त्याने फडके सोडले. पावावर पणजोबांच्या ठशाची अर्धीच खूण होती. उरलेली अर्धी मरियमच्या घरी होती.

कोण कोणाचा, हे मलाही सांगता येणार नाही. परक्या दारात उभे राहायची वेळ आली, की ती अर्धी खूण तेवढी आठवावी.