ठार बहिरा

"...मग 'ऑडिझम'ला मराठीत काय म्हणावं, बाबा?"

प्रश्न इतक्या मोठ्यानं आला, की दर्ग्याच्या कठड्यावरची कबुतरं उडाली. विचारणारे होते प्राध्यापक अच्युत मोघे. ते इंग्रजी-मराठी कोश करत होते. आपल्याला अडवेल असा शब्द अजून जन्माला यायचाय, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. या एका शब्दानं मात्र त्यांना फकिराच्या दारात आणून बसवलं.

नूरबाबांचे कान लहानपणीच गोवरात गेले होते. समोरच्याचे ओठ वाचून ते बोलत.

"ओरडू नकोस," बाबा म्हणाले. "तोंड वाकडं होतं. वाचता येत नाही."

सरांनी आवाज उतरवून अर्थ सांगितला. ज्याला ऐकू येतं तो श्रेष्ठ, ज्याला येत नाही तो कमी, असं मानणं आणि तसंच वागणं.

"'डेफ'ला काय लिहिलंस?"

"बहिरा."

"आणि मुळीच ऐकू येत नसेल तर?"

"ठार बहिरा."

"ठार..." बाबांनी तो शब्द तोंडात घोळवला. "मेलं कोण?"

सर हसले. हसू फार टिकलं नाही.

"मघाशी आमच्या चुलीवरच्या हजराबीनं मागून चहा विचारला. तू वळला नाहीस... केव्हापासून?"

हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. डावा कान गेलाय, उजवाही जाणार असं डॉक्टर म्हणतात. कॉलेजात कळलं तर वर्ग काढून घेतील, पोरं पाठीमागे नकला करतील. सगळं एका दमात बाहेर पडलं.

"भीती वाटते, बाबा. बायको झोपली की तिच्या श्वासाला कान लावून पडतो. एक दिवस तोही ऐकू येणार नाही. बहिरा होऊन जगण्यापेक्षा..."



बाबा पुढे सरकले. दोन्ही तळहात सरांच्या कानांवर ठेवून त्यांनी घट्ट दाबले.

वारा गेला. हजराबीच्या भांड्यांचा आवाज गेला. आपल्याला जिवंत पुरताहेत असं सरांना वाटलं. त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले. बाबांचे हात ढकलायचंही बळ उरलं नाही.

बऱ्याच वेळानं हात निघाले.

"काही म्हणालात का, बाबा?"

"म्हणालो. तुझ्या शब्दाचा अर्थ सांगितला."

"पुन्हा सांगा ना. कान झाकलेले होते..."



"कान मी झाकले होते. डोळे कोणी मिटले?"