आगीत न टाकलेला घास

फार जुन्या काळची गोष्ट आहे. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी जरा जास्तच ऐकावी.

एका राजाच्या पदरी एक विषवैद्य होता. अन्नात विष असेल तर घास आगीत टाकताच ती तडतडते, ज्वाळा निळी होते, असं त्याला गुरूंनी शिकवलं होतं. विष घालणाऱ्याला घाम फुटतो, त्याची बोबडी वळते, तो अंगठ्याने जमीन उकरतो, हेही शिकवलं होतं. नाव झाल्यावर वैद्याला आगीची गरज वाटेनाशी झाली. आपल्याला चेहऱ्यावरूनच सगळं कळतं, असं तो सांगू लागला.

एका दुपारी जेवताना राजाच्या पोटात कळा आल्या. वैद्याने मिठाचं पाणी पाजून त्याला ओकायला लावलं, वर तूप दिलं. राजा सावरला. दरबार कौतुकाने पाहत होता, आणि कौतुकाने वैद्याचं डोकं फिरलं. त्याने म्हाताऱ्या आचाऱ्याला पुढे उभं केलं. आचारी घामाघूम झाला आणि अंगठ्याने जमीन उकरू लागला.

"विष देणाऱ्याची हीच लक्षणं," वैद्य म्हणाला.

दिवस मावळायच्या आत आचाऱ्याला सुळावर द्यायचं ठरलं.

विष कोणतं होतं, असं राजाने विचारलं, तेव्हा कुठे वैद्याने ताटातला एकेक घास आगीत टाकला. आग शांत जळत राहिली. तो तडक बंदिखान्यात गेला आणि आचारी एवढा का घाबरला, ते त्याने विचारलं.

आचाऱ्याने मान खाली घातली. "म्हातारा झालो, वैद्यराज. मिठाचा अंदाज चुकतो. म्हणून आज सगळं चाखून पाहिलं. महाराजांना उष्टं वाढलं मी."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"मला कुणी विचारलंच नाही."

सगळं चाखणारा आचारी तर धडधाकट होता. मग राजाच्या पोटात वेगळं काय गेलं? जेवणाआधी घेतलेला आवळ्याचा रस. तो वैद्याच्याच घरून येई.

वैद्याने घरी जाऊन रसाचं तांब्याचं भांडं उलटं केलं. आतली कल्हई उडाली होती, तळाला हिरवा थर चढला होता. आंबट रस अशा भांड्यात ठेवू नये, हे तो शिष्यांना दर वर्षी बजावत असे. भांडं विहिरीत टाकावं, असं त्याच्या मनात आलं. तसं मनात आल्याची त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली. उन्हं कलली होती. भांडं घेऊन तो दरबारात धावला.

सगळं सांगताना त्याला घाम फुटला, जीभ अडखळली. राजा त्याच्या पायाकडे पाहत होता. वैद्याचा अंगठा जमीन उकरत होता.

"ही लक्षणं कशाची, वैद्यराज?"

"लाजेची, महाराज. आचाऱ्याचीही तीच होती. मी ओळखली नाहीत."

आचारी सुटला, पण पुन्हा त्या मुदपाकखान्यात आला नाही. राजाने वैद्याला शिक्षा केली नाही. त्यानंतर जेवायला बसलं की पहिला घास वैद्याच्या घशात अडके, आणि तो जन्मभर अडकत राहिला.

दुसऱ्याच्या चेहऱ्यावर दोष शोधण्याआधी माणसाने आपल्या घरचं भांडं उलटं करून पाहावं.