आईचं माप

"पण माप तर चुकलं नव्हतं ना, बाबा? मग आई त्या खुर्चीत का बसली नाही?"

अंबादासने दस्तगीरबाबांना विचारलं. दर्ग्याच्या ओट्यावर ते मोरपिसांचा कुंचा बांधत बसले होते. याच ओट्यावर त्यांनी लहानग्या अंबादासला पहिली अक्षरं गिरवायला लावली होती.

अंबादास आता एर्गोनॉमिस्ट होता. कामाने माणूस मोडू नये म्हणून खुर्ची, टेबल, यंत्र त्याच्या अंगाला जुळवून द्यायचं, हा त्याचा व्यवसाय. त्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही असं लोक म्हणत, तोही म्हणे.

ही विद्या त्याने घेतली ती आईसाठी. मांडीवर सूप घेऊन तिने जन्मभर विड्या वळल्या. पाठीचं पार धनुष्य झालं. दिव्याखाली अंधार नको, म्हणून शिकून आल्यावर त्याने आधी तिचंच माप घेतलं, खुर्ची घडवून घेतली.

ती खुर्ची आईने रोज पुसली. बसली मात्र जमिनीवरच.

गेल्या महिन्यात ती गेली. तिरडीवर पाठ टेकेना. शेवटी कुशीवर निजवून न्यावी लागली.

"ही विद्याच खोटी, बाबा. सोडून देतो सगळं."

"सोड की. पण आधी माझं माप घे."

अंबादासने टेप काढला. इतक्या दुःखातही हात सराईतपणे चालू लागला.

बाबांनी कुंचा खाली ठेवला. डोळे मिटले आणि वाकलेली पाठ हळूहळू सरळ केली. ओठ थरथरले. कपाळावर घाम आला.

"बाबा, असं नका करू! रोज बसता तसे बसा."

"तू मोजतोयस ना, बेटा... तुला मोडका म्हातारा कसा दाखवू?"

अंबादासचा हात थांबला.

माप देताना आईही अशीच बसली होती. ताठ, हसत. 'बघा, माझ्या आईची पाठ अजून किती सरळ होते,' असं तो शेजाऱ्यांना कौतुकाने सांगत सुटला होता. त्या ताठ पाठीची खुर्ची झाली. वाकलेली पाठ तिच्यात कधी मावलीच नाही. आणि पोराचं मन मोडेल म्हणून आई बोलली नाही...

त्याला रडू कोसळलं. बाबांनी रडू दिलं.

बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "मग बाबा... मोजायचं तरी कसं?"

बाबा अजून ताठच होते.

"बस," ते म्हणाले. "मी वाकेपर्यंत बस."